दोन्ही घरचा पाहुणा

गाडी घ्यायची की नाही हा खरं म्हणजे आमच्या घरातला प्रश्न. पण त्यावर मतदान केलं ते अख्ख्या केजनं. मी फक्त एकदा, तेही दाढी करून घेताना, "एक चारचाकी बघावी म्हणतो," असं बोलून गेलो. केशकर्तनालयात उच्चारलेलं वाक्य आणि आकाशवाणीवर वाचलेली बातमी यांत फरक एवढाच, की आकाशवाणीला वेळेचं बंधन असतं. मी घरी पोचायच्या आत तिघांनी रस्त्यात अडवून विचारलं, "गुरुजी, कोणती घ्यायलाव?" चौथ्यानं गाडीचं नावही विचारलं नाही, सरळ पेढे मागितले. बसस्टँडसमोरच्या चहावाल्यानं तेवढा एक व्यावहारिक प्रश्न केला : "पळती किती?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर. आमच्याकडे गाडीचा रंग, रूप, कुळ, गोत्र कोणी विचारत नाही. पळती किती, एवढंच.

इथवर ठीक होतं. पण त्याच रात्री पुण्याहून भाचेबुवांचा फोन आला. आमचा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पण पगार ऐकला की पुढं विचारायचं कोणाला सुचत नाही. तो म्हणाला, "मामा, काहीही करा, पण साधी पेट्रोलची गाडी घेऊ नका. जमाना गेला तो. थोडं थांबा आणि प्लग-इन हायब्रिड घ्या. विजेची पण, पेट्रोलची पण. फायदे दोन्हींचे, तोटा एकाचाही नाही!"

'तोटा एकाचाही नाही' हे वाक्य मी आयुष्यात तीनदा ऐकलंय. एकदा विमा एजंटाकडून, एकदा सागाच्या झाडांची योजना विकणाऱ्याकडून आणि एकदा माझ्या लग्नाच्या मध्यस्थाकडून. तिसऱ्या बाबतीत मला काही बोलायचं नाही. पहिल्या दोन बाबतींत बोलण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही.

तरीही मी वही घेऊन बसलो. मास्तर माणूस, विरोध करायचा तर आधी धडा वाचला पाहिजे. वाचकहो, प्रकार असा आहे. साधी हायब्रिड म्हणजे पोटात पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटार. जपानात टोयोटानं १९९७ साली 'प्रियस' काढली तेव्हापासून हे लग्न रीतसर चालू आहे. तिची वीज ती स्वतःच बनवते, ब्रेक दाबला की वाया जाणारा जोरसुद्धा बॅटरीत टाकते. गृहकृत्यदक्ष! हिला बाहेरून वायर लावता येत नाही. प्लग-इनची बॅटरी मात्र मोठी. तिला रात्री भिंतीतल्या प्लगला जोडायचं, सकाळी पन्नास-साठ-सत्तर किलोमीटर निव्वळ विजेवर हिंडायचं आणि वीज संपली की मुकाट्यानं पेट्रोल पेटवायचं. चीनच्या बीवायडी कंपनीनं २००८ साली अशी गाडी बाजारात आणली, २०१० मध्ये अमेरिकेत शेवरले व्होल्ट आली. तेव्हा ही काही कालची कल्पना नव्हे.

आणि आम्हांला तर ती मुळीच नवी नव्हे. पुण्याच्या कायनेटिकनं १९७२ साली लूना काढली, ती काय होती? इंजिन आहे तोवर इंजिन आणि पेट्रोल संपलं की पायडल! माझी लूना एकदा धारूरहून येताना अशीच थांबली. मी पायडल मारायला लागलो. मागं बसलेल्या सौभाग्यवती आधी उतरल्या आणि थोड्याच वेळात चालत माझ्या पुढं निघून गेल्या. तेव्हा एका वाहनात दोन शक्ती असल्या की काय होतं याचा मला स्वानुभव आहे.

त्याहून पक्का पुरावा विहिरीवर सापडतो. आमच्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विहिरीवर विजेची मोटारही ठेवली आणि डिझेलचं इंजिनही ठेवलं. लाइट आली की मोटार, गेली की इंजिन. हायब्रिड हा शब्द केजच्या शेतकऱ्यानं पुण्याच्या आधी ओळखला होता. फरक इतकाच, की त्याला तो हौस म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून माहीत होता. आणि तो दोन्ही यंत्रं न विसरता वापरायचा, कारण समोर पीक वाळत असायचं.

तेव्हा माझं भांडण कल्पनेशी नाही. ते आहे 'परवडते' या क्रियापदाशी. ते कर्त्याशिवाय वापरतात. गाडी परवडते! अहो, कोणाला?

किमतीचं आधी उरकून टाकू. आपल्या देशात प्लग-इन हायब्रिड म्हणून प्रथम जे दर्शन घडलं ते असं : २०१५ साली बीएमडब्ल्यूची आय-८, २०१६ साली व्होल्वोची एक्ससी-९०, २०२२ च्या अखेरीला बीएमडब्ल्यूची एक्सएम. सगळ्या कोटीच्या पलीकडल्या. एवढ्या पैशांत आमच्याकडे जमीन घेतात, आणि ती विहिरीसकट येते. "पण मामा, आता स्वस्तातल्या येणार," भाचा म्हणतो. येणार या शब्दाबद्दल बीड जिल्ह्याला कोणी शिकवू नये. आमची रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. तीस वर्षं! तिच्या स्वागताला गेलेल्या काही माणसांचा मंजुरीच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. तीही केजला येत नाही. तेव्हा थांबण्याची आम्हांला सवय आहे. पण रेल्वेसाठी थांबणं निराळं आणि सदुसष्टाव्या वर्षी गाडीसाठी थांबणं निराळं.

सरकारचंही या गाडीविषयी मत नक्की होत नाही. २०१५ साली नाममात्र बॅटरीच्या हायब्रिडलासुद्धा सवलतीचा प्रसाद मिळत होता. २०१७ मध्ये तो बंद झाला आणि त्याच वर्षी जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवर उपकरासकट त्रेचाळीस टक्के बसले. विजेच्या गाडीला २०१९ पासून पाच टक्के. २०२५ च्या सप्टेंबरात दर बदलले तेव्हा मोठ्या हायब्रिडला चाळीस, लहानीला अठरा, विजेच्या गाडीला तेच पाच. प्लग-इन बिचारी निम्मी विजेची; पण निम्मी सवलत नाही. चार मीटरपेक्षा लांब किंवा मोठ्या इंजिनाची असली तर पूर्ण चाळीस टक्के भरा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही म्हण ज्यानं पहिल्यांदा वापरली त्याला जीएसटी परिषदेत घ्यायला हवा होता.

पण पैसा बाजूला ठेवा. मला खरी गंमत वाटली ती यूरोपातल्या एका हिशेबाची. तिथं नव्या गाड्या किती इंधन पितात याची नोंद गाडीतच होते. यूरोपीय आयोगानं २०२४ साली या नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं, की प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा रस्त्यावरचा धूर कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आहे. साडेतीन पट! का? एक कारण फार साधं. लोक प्लग लावत नाहीत. गाडी प्लगची, भिंतीत प्लग आहे, वीज आहे. पण रात्री दमून आलेला माणूस म्हणतो, उद्या लावू. त्यातून पेट्रोलचे पैसे कचेरी देत असेल तर परवासुद्धा नाही.

हे वाचून मला यूरोपीय माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमच्या गच्चीवर एक सूर्यचूल आहे. सवलतीत घेतली होती. पहिले पंधरा दिवस आम्ही तिच्यात डाळ, भात, रताळी, शेंगदाणे जे जे शिजतं ते सगळं शिजवलं आणि गॅस सिलिंडर किती दिवस जास्त गेला याची नोंद ठेवली. सोळाव्या दिवशी ढग आले. त्यानंतर ती उघडली ती थेट तिसऱ्या वर्षी, आत मांजर व्यालं म्हणून. शेजारच्यांकडे व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर ओले टॉवेल फार छान वाळतात. मध्यमवर्गीय माणसाला रोजची शिस्त विकणं सगळ्यात सोपं असतं, कारण ती विकत घेतल्यावर पाळली असं त्याला वाटतं. आणि प्लग-इन हायब्रिडचं सगळं अर्थशास्त्र या एका शिस्तीवर उभं आहे. वायर रोज लावली तर ती शहाणी गाडी. नाही लावली तर रिकामी, जड बॅटरी पोटात घेऊन पेट्रोलवर पळणारी गाडी. म्हणजे भरल्या घागरीसाठी निघायचं आणि रिकामा हंडा डोक्यावर घेऊन गावभर फिरायचं.

उलट बाजूही आहे. वायर अगदी नेमानं लावली आणि फिरणं थोडं असलं, तर टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने तसंच पडून राहतं. पेट्रोल म्हणजे काही मुरांबा नव्हे, की मुरेल तसं चांगलं. म्हणून यातल्या काही गाड्या मधूनच मालकाला न विचारता इंजिन चालू करतात आणि जुनं पेट्रोल संपवून टाकतात. उरलेली पोळी दुपारी एकट्यानं खाऊन टाकणाऱ्या गृहिणीसारखं. आता तर आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं बरंचसं उसाचं, आणि तो ऊस तोडायला कोयता घेऊन जातो आमच्याच जिल्ह्यातला माणूस. त्याच्या घामाचा तो थेंब माझ्या टाकीत सहा महिने शिळा होत पडलाय, ही कल्पना मला काही बरी वाटेना.

असो. मी भिंतीतल्या प्लगाकडे वळलो. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं आमच्या मीटरकडे असं पाहिलं, की जुने वैद्य नाडी धरल्यावर पाहायचे. म्हणाला, "गुरुजी, ह्या वायरवर गाडी चार्ज होत नसती. गाडीवर वायर चार्ज होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे लोड वाढवून घ्या, मीटर बदला, अंगणापर्यंत जाड वायर ओढा, नवीन अर्थिंग करा. खड्डा घ्यायचा, त्यात मीठ-कोळसा टाकायचा, उन्हाळ्यात पाणी घालायचं."

म्हणजे गाडी घेतल्यावर मी रोज खड्ड्याला पाणी घालणार! केजमध्ये उन्हाळ्यात माणसांना पाणी किती दिवसांनी येतं हे इथं लिहीत नाही. पाहुणे यायचे थांबतील.

"आणि रात्रभर वायर लावून ठेवली तर सकाळी बॅटरी भरेल ना?"

"लाइट राहिली तर भरंल की!"

या 'तर'मध्ये सगळा मराठवाडा आहे. आमच्या तालुक्यातल्या माळांवर आता पवनचक्क्या फिरतात. संध्याकाळी त्यांची पाती मोठी दिमाखदार दिसतात. त्यांच्याकडे बघत बघत आम्ही घरी येतो आणि मेणबत्ती शोधतो. त्यातून शेतातली वीज पाळीनं. पाळी रात्रीची असली की शेतकरी बॅटरी घेऊन निघतो, म्हणजे हातातली बॅटरी, आणि साप-विंचू चुकवत पिकाला पाणी देतो. २०२३ साली सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला तो ही वीज दिवसा मिळावी म्हणूनच. आणि आम्ही शहाणे, रात्रीची वीज मोटारगाडीला पाजून हवा शुद्ध करणार. मला त्या वायरमनसमोर उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

आता हिशेब. मी पाढे शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हिशेबात मला भाचा फसवू शकत नाही. माझं वर्षाचं फिरणं मांडलं. महिन्यातून एकदा सौभाग्यवतींच्या तपासणीला अंबाजोगाई. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर धरा. पुणे दोनदा, लातूर-बीडची लग्नं, एखादं तुळजापूर. ओढूनताणून चार हजार किलोमीटर. त्यातलं निम्मं विजेवर गेलं, पेट्रोल लिटरला एकशेपाच आणि युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाला वाचतात सुमारे आठ हजार चारशे. या गाडीची किंमत साध्या गाडीपेक्षा समजा आठच लाखांनी जास्त असली, तर ते आठ लाख वसूल व्हायला पंचाण्णव वर्षं लागतात. तेव्हा माझं वय एकशेबासष्ट असेल. भाचा म्हणाला, "मामा, पेट्रोल वाढत जाईल ना!" बरं, वाढलं. एकशेवीस धरू.

मग मी आमच्या शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याचा हिशेब मांडला. तो केजहून अंबाजोगाईला अप-डाउन करतो. रोज सत्तर किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस. साडेसतरा हजार किलोमीटर. बॅटरीत बसेल एवढंच अंतर, तेही रोजचं, ठरलेलं. ही गाडी जणू त्याच्याचसाठी जन्माला आली! त्याचे वर्षाला सत्तर-पंचाहत्तर हजार वाचतील आणि रस्त्यावरचा धूर खरोखर कमी होईल. मी आनंदानं त्याला ही बातमी सांगितली. तो हसला. म्हणाला, "सर, आम्ही चौघं मिळून एका जुन्या जीपला महिना देतो. गाडी घ्यायला पैसे असते तर अंबाजोगाईतच घर केलं नसतं का?"

म्हणजे ज्याला ती उपयोगी आहे त्याच्या आवाक्यात ती नाही आणि ज्याच्या आवाक्यात ती आहे त्याच्या दारात ती उभीच राहणार. महागडी बॅटरी ज्याचं चाक रोज फिरतं त्याच्या पोटात घालावी, की चार दिवसांतून एकदा देवळात जाणाऱ्याच्या? एसटीनं ते बरोबर ओळखलं. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि त्याच रस्त्यावर २०२२ च्या १ जूनला विजेवरची 'शिवाई' धावली. रोज ठरलेली वाट, ठरलेली वेळ, थांब्यावर वीज भरायची आणि चाळीसेक माणसं एका बॅटरीवर. माझ्या अंगणात एकट्यासाठी बॅटरी झोपवण्यापेक्षा केज-अंबाजोगाई रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपांना ती द्या म्हणावं. पण त्यांच्यासाठी भाचा फोन करत नाही.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, पण तुम्ही गाडी घ्यायचं ठरवलंत ते त्या रात्रीमुळं ना?"

त्या रात्रीचा उल्लेख आमच्या घरात सहसा कोणी करत नाही.

मृगाच्या तोंडावरचे दिवस होते. संध्याकाळी वादळी वारा सुटला, पाऊस झाला आणि लाइट गेली ती गेलीच. रात्री साडेबाराला सौभाग्यवतींनी मला हलवलं. "अहो, श्वास घेता येईना," एवढंच म्हणाल्या. एरवी माझ्याशी भांडताना एका श्वासात पंचवीस वाक्यं बोलणारी बाई. मी फोन घेतला. रुग्णवाहिका आधीच दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. ओळखीच्या एका ड्रायव्हरचा फोन बंद, दुसऱ्याची गाडी लग्नाच्या वऱ्हाडात परळीला. मी अंधारात, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून, गल्लीत दारं ठोठावत फिरलो. शेवटी कोपऱ्यावरचा भाजीवाला उठला. त्याचा टेंपो बाजारासाठी भरून उभा होता. त्यानं विचारलं नाही की किती देणार. ती पुढं बसली, मी मागं, वांग्यांच्या पोत्यांवर. पाऊस चालू होता. काचेतून तिचं डोकं दिसत होतं. खड्डा आला की ते एका बाजूला कलायचं आणि पुन्हा सरळ होईपर्यंत मी श्वास धरून ठेवायचो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात पोचलो, त्यांनी ऑक्सिजन लावला, पहाटे ती शुद्धीत माझ्याकडे बघून म्हणाली, "चपला बघा."

त्या दिवशी मी ठरवलं, दारात गाडी हवी.

"तेच तर म्हणतोय, मामा," भाचा फोनवर म्हणाला. "त्या रात्री नुसती विजेची गाडी असती तर कदाचित अर्धी रिकामी असती. प्लग-इन असती तर पेट्रोलवर निघाली असती."

हा त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा होता, आणि तो मी प्रामाणिकपणे कबूल केला. फोन स्पीकरवर होता. सौभाग्यवती शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पेट्रोलवरच निघायचं होतं, तर मग पेट्रोलचीच घ्या की."

भाच्याला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. पंधरा दिवस वह्या भरून मी जे मांडत होतो ते तिनं शेंगा सोलता सोलता टरफलासारखं वेगळं काढून ठेवलं होतं. आमच्या गरजेची रात्र पेट्रोलच भागवणार, आणि बॅटरी भागवणार ते दिवस, ज्या दिवशी आम्हांला पायीसुद्धा चालतं.

गेल्या दसऱ्याला लहानशी, साधी, पेट्रोलची गाडी घेतली. कडुलिंबाखाली उभी असते. मी दर रविवारी ती चालू करतो, बसस्टँडपर्यंत जाऊन येतो आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. पहिल्या दिवशी त्या भाजीवाल्याला बसवून चक्कर मारली. तो सगळी वाट ब्रेकवर पाय असल्यासारखा बसला होता.

दिवाळीत भाचेबुवा आले. नव्याकोऱ्या गाडीतून उतरले. मी गाडीभोवती हिंडून वायर लावायचं झाकण शोधू लागलो. इकडे एकच झाकण, पेट्रोलचं.

"अरे, तुझी प्लग-इन?"

"सोसायटीत पार्किंगमध्ये प्लग लावू देत नाहीत, मामा. ठराव दोनदा पुढं ढकलला. चौथ्या मजल्यावरून वायर सोडू का?" मग विषय बदलायला त्यानं माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला. "ही बरी दिसते. पळते किती?"

"अंबाजोगाईपर्यंत," मी म्हटलं.